रजेची शेवटची तुकडी

ऑक्टोबरच्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसणारी बाई आमच्या अख्ख्या सिल्व्हर पार्क वसाहतीत मी एकटीच असेन. पंखा मोठा केला तर लोकरीचा गुंडा घरंगळत सोफ्याखाली जातो, लहान केला तर कपाळावरचा घाम टाक्यांवर गळतो. बोटांना पावडर लावल्याशिवाय लोकर सुईवरून सरकत नाही. समोरच्या रस्त्यावरची धूळ खिडकीतून आत येते म्हणून खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणून जीव नकोसा. शेजारणी दारातून डोकावतात आणि हसतात. हसू देत. पाऊस गेला, आभाळ पांढरं पडलं, भिंती दुपारी चारनंतरही गरम लागायला लागल्या की माझे हात आपोआप सुया शोधतात. गेली कित्येक वर्षं माझा ऑक्टोबर असाच गेलाय.

विणायला मला वरच्या मजल्यावरच्या बलजीतभाभींनी शिकवलं. आम्ही मूळचे परभणीकडचे, आमच्याकडे थंडीत घोंगडी पुरे, स्वेटर कोण विणतंय. पण मुलगा सैन्यात अधिकारी झाला, त्याची नेमणूक बर्फात झाली, आणि मी चाळिशी उलटल्यावर उलटा-सुलटा टाका गिरवायला बसले. ऑक्टोबरच का, तर महिनाअखेरीला वरचा रस्ता बंद व्हायला लागतो. त्याआधी पार्सल पोचलं तर पोचलं, नाहीतर ते पायथ्याशी कुठेतरी उन्हाळ्यापर्यंत पडून राहतं. थंडीचे कपडे थंडीत विणण्याची चैन फौजीच्या आईला नसते.

सुमेधचा बांधा हुबेहूब बापाचा. तो हजारो मैलांवर, त्याचं माप कुठून आणू? मग आमच्या ह्यांना भर दुपारी बनियनवर उभं करायचं आणि अर्धवट विणलेली पाठ त्यांच्या पाठीला लावून बघायची. हे औषधांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते, आयुष्यभर माल मोजला, आता स्वतःच माप झाले म्हणून कुरकुरायचे. अंगावर घामोळं उठलंय, लवकर आटप, म्हणायचे. पण हलायचे नाहीत.

त्यातला एक स्वेटर डाळिंबी रंगाचा होता. लोकर बघितली आणि मोहच पडला. सुमेधचा फोन आला तेव्हा तो हसतच सुटला. गणवेशावर असा रंग चालत नाही, आई, म्हणाला, पण जाकिटाच्या आत घालतो, आत कोण बघतंय. तो स्वेटर त्याने सगळ्यात जास्त वापरला.

यंदा ऊन तापायला लागलं तसा मला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर पुन्हापुन्हा आठवतोय. तेव्हा सुमेध लांब रजेवर घरी होता. मेजर होऊन त्याला काही वर्षं झाली होती. त्याची भरती ठरावीक वर्षांची होती, ती मुदत संपत आली होती, आणि कायम राहायचं की बाहेर पडायचं हे त्याला रजेवरून परतल्यावर कळवायचं होतं. घरात तो एकच विषय. पण तो विषय काढायचा कुणी, हा प्रश्न. हे पेपर वाचत बसायचे, मी सुया चालवायची, सुमेध गॅलरीत उभा राहून खालच्या रिक्षांकडे बघायचा.

बाहेरच्यांना मात्र अडचण नव्हती. लिफ्टमध्ये, गेटवर, किराण्याच्या दुकानात प्रत्येकाकडे सल्ला तयार. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले की हिंदीत समजावायचे, अरे मेजरसाब, बाहर आपके जैसे लोगों की बहुत डिमांड है. सुमेध त्यांना म्हणायचा, हो, पगाराचा विचार आहेच. विहारातले एक काका म्हणाले, थांब बाळा, वर चढ, आपल्यातला माणूस वर दिसला पाहिजे. त्यांना तो म्हणाला, वर जागा थोड्या आणि माणसं फार, काका. एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांना तो दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या बिऱ्हाडाबद्दल सांगत बसला. मी आतून चहा आणताना ऐकत होते. प्रत्येकाला वेगळं कारण सांगत होता, आणि सगळी कारणं खरी होती. पण आईला कळतं. मूल पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवतं तेव्हा पोट खरंच दुखत असतं, तरी कारण पोटात नसतं.

त्याच महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. विहारात दरवर्षी त्या दिवशी सुमेधचा सत्कार व्हायचा, तो नसला तर ह्यांचा. ह्यांच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पांढराशुभ्र सदरा, पुढची खुर्ची, आणि मेजरचे वडील म्हणून माईकवरून घेतलेलं नाव. आमच्या घरात त्याआधी कुणी गणवेश घातलाच असेल तर तो वॉचमनचा. त्या दिवशी सुमेधला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, माईकपाशी गेला, सगळ्यांना जय भीम म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना. पोरं टाळ्या वाजवत राहिली. त्यांना वाटलं, साहेब भारावले. मी त्याचे हात बघत होते. दोन्ही हातांनी त्याने समोरच्या टेबलाची कड धरून ठेवली होती.

घरी आल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, डाळिंबी स्वेटर कुठाय, या वेळी सामानात दिसला नाही. दिला एकाला, म्हणाला. मला जरा लागलं. माझ्या हातचा स्वेटर दिला? कुणाला दिला? तो त्या रात्री जेवायला बसलाच नाही.

पुढे एका सकाळी म्हणाला, आई, चौकला जाऊन येऊ. चौक म्हणजे उत्तनकडचं कोळ्यांचं गाव. तो लहान असताना आम्ही सुट्टीच्या दिवशी बसने तिथे जायचो, किनाऱ्यावर बसून समुद्र बघायचो आणि सुके बोंबील घेऊन यायचो. तसेच निघालो. भाईंदरहून बस धरली, खाडी मागे टाकली, आणि खिडकीतून तो ओळखीचा वास आला. पाऊस संपला की तिथे मासळी वाळवायचा मोसम सुरू होतो. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील दोन-दोन करून लटकवलेले असतात, त्यांचे जबडे एकमेकांत अडकवलेले. लहानपणी सुमेधला ते फार गमतीचं वाटायचं. त्या दिवशी त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही नेहमीच्या म्हातारीकडे गेलो. तिने त्याला ओळखलं, रजेवर आलास काय विचारलं, आणि बोंबील हातात घेऊन दाबून बघितले. अजून कच्चे होते. "ऊन हाय, पन वारा न्हाय," ती म्हणाली. दोन दिवसांनी या म्हणाली आणि आम्हाला बसायला फळी दिली. तिथे, त्या वासात, माश्या हाकलत, माझ्या मुलाने मला दत्ताबद्दल सांगितलं.

दत्ता पलटणीतल्या त्याच्या कंपनीतला जवान, माण तालुक्यातला. सडपातळ, हसरा, आणि कायम कुडकुडणारा. म्हणून डाळिंबी स्वेटर एकदा त्याच्या अंगावर गेला तो तिथेच राहिला. वरच्या चौकीवरून बर्फ पडायच्या आत रजेवाल्यांच्या तुकड्या खाली उतरतात. कुणी कधी उतरायचं ते कंपनीचा साहेब ठरवतो. सुमेधला या कामाचा अभिमान होता. गोळीबाराच्या गोष्टी त्याने मला कधी सांगितल्या नाहीत, पण रजा कशा लावल्या ते रंगवून सांगायचा. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या बापाचं ऑपरेशन, कुणाचं घर बांधायला काढलंय, सगळं त्याला पाठ असायचं. बाहेरच्यांना वाटतं साहेब म्हणजे हुकूम सोडणारा. तो म्हणायचा, आई, खरं काम हेच आहे. माणूस वेळेवर घरी पोचला की वर्षभर तो तुमच्यासाठी कुठेही उभा राहतो.

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात दत्ताचा रजेचा नंबर लागला होता. पण दुसऱ्या एका जवानाच्या बायकोचे दिवस भरले होते. सुमेधने दत्ताला बोलावून विचारलं, पुढच्या तुकडीबरोबर गेलास तर चालेल का. दत्ता दुसऱ्या दिवशी येऊन हसत हो म्हणाला. तो जवान खाली उतरला, घरी पोचला, त्याला मुलगी झाली. दत्ता शेवटच्या तुकडीत निघाला आणि वाटेत बर्फाचा कडा त्यांच्या अंगावर आला. बाकीचे बर्फाखालून जिवंत निघाले. दत्ता निघाला नाही.

पुढे चौकशी झाली. साहेबाची चूक नाही असंच सगळ्यांनी म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. दत्ताची पेटी सुमेधने स्वतः भरली. तसा रिवाजच आहे, गेलेल्या माणसाचं सामान त्याच्या साहेबासमोर आवरायचं. स्वेटर पेटीत वरती ठेवला. त्याला तो दत्ताचाच वाटला. मग तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी आणि ही दुसरी काळी पेटी घेऊन तो दत्ताच्या गावाला गेला. गावाने घोषणा दिल्या, शाळेची पोरं रांगेत उभी केली. दत्ताच्या वडिलांनी त्याला स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं.

मी म्हणाले, यात तुझं काय चुकलं? आईने म्हणायचं ते मी म्हणाले. त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही.

"चुकलं नाही, आई. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. म्हणूनच मला आता कुणाच्या रजा ठरवायच्या नाहीत."

मला तो परत हवा होता. लपवून काय उपयोग, त्याच्या पहिल्या नेमणुकीपासून मी मनात तेच मागत होते. टीव्हीवर बर्फ दिसला की मी चॅनेल बदलायची. पण असा परत नको होता. ज्या कामासाठी तो एवढी वर्षं तिथे राहिला, त्याच कामापायी तिथून निघत होता. आम्ही कच्चेच बोंबील घेऊन घरी आलो. वाळवले गॅलरीत. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली.

ह्यांना त्याने स्वतः सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते. हे एवढंच म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. मग बराच वेळ त्यांनी पेपरचं पान उलटलं नाही. त्यांनी विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

या वर्षी पावसाच्या आधी सुमेध घरी आला. काळ्या पेट्या आल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं नाव आणि हुद्दा. त्या आम्ही बेडरूमच्या माळ्यावर चढवल्या, अक्षरं भिंतीकडे करून. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मालाडला एका कंपनीत त्याला नोकरी लागली. मुलाखतीत त्याने एकच अट घातली, हाताखाली माणसं नकोत. समोरच्यांना ते कळेना. एवढ्या जवानांना सांभाळलेला माणूस म्हणून तर ते त्याला घेत होते. शेवटी त्याला एका टेबलावर बसवलं. मालाच्या गाड्या कुठे पोचल्या ते तो स्क्रीनवर बघतो. गाड्यांना घर नसतं, आई, असं एकदा म्हणाला. मी विषय बदलला.

पलटणीतली पोरं अजून त्याला फोन करतात. फोन टेबलावर थरथरत राहतो आणि तो त्याच्याकडे बघत राहतो. विहारात यंदा सत्कार नव्हता. कुणी काही बोललं नाही, लोक चांगले आहेत. पण हे आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसले.

आणि मागच्या रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात एक पांढरी टोपी घातलेला, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. एसटीने बोरिवलीपर्यंत आलो, पुढं इचारत इचारत, म्हणाला. सुमेध बाहेरच्या खोलीत होता. तो झटकन उठून सरळ उभा राहिला, जसा फक्त फौजी माणूस उभा राहतो, आणि मला कळलं हे कोण आहेत. दत्ताचे वडील, सखारामभाऊ. पत्ता सुमेधनेच दिला होता त्यांना, कधी काही लागलं तर या म्हणून.

पाणी झालं, चहा झाला. सुट्टीवर घावलात बरं झालं सायेब, म्हणाले. पिशवीतून त्यांनी शेंगदाणे काढले, ज्वारीचं पीठ काढलं, आणि सगळ्यात शेवटी डाळिंबी स्वेटर काढला. कोपरावर थोडा झिजलेला, पण स्वच्छ धुतलेला. मी तो दोन वर्षांनी बघत होते. हात लावायचा धीर होईना.

त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. पेटी उघडली तेव्हाच दत्ताची आई म्हणाली होती, ह्यो आपल्या पोराचा न्हवं, कुणाच्या तरी आईनं हातानं इणलाय. मग त्यांनी दत्ताच्या मित्रांना फोन करून विचारलं. साहेबांच्या आईचा आहे, असं कळलं. परत करायला निघणार होते, पण थंडी आली, रात्रीचं पाणी धरायला शेतात जावं लागतं. घालून बघितला तर नेमका बसला. दोन हिवाळे त्यांनीच वापरला. हे ऐकताना आमच्या ह्यांनी नकळत स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला. माप त्यांचंच होतं.

मग सखारामभाऊंनी यायचं कारण सांगितलं. त्यांचा धाकटा, बाळू, भरती झालाय. प्रशिक्षण संपलं, भावाच्याच पलटणीत जातोय, आणि पलटण यंदाची थंडी अजून वरच आहे. बाळू थोरल्यापेक्षाही बारीक, त्याला हा स्वेटर ढगळ होईल. तवा वहिनी, जरा आखूड करून द्याल का, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सुमेधचा चेहरा बघवत नव्हता. त्याने विचारलं, काका, धाकट्यालाही पाठवलंत?

सखारामभाऊ म्हणाले, "त्येची आय नगंच म्हनत हुती. म्या म्हनलं, सायेब हायेत तितं. दत्तानं हो म्हनायच्या आदी फोन केला हुता मला. म्हनला, दुसऱ्याच्या बायकूचं दिस भरल्यात, सायबानं इचारलंय मागं राहतोस का. म्याच म्हनलं, राहा. माणसाची अडचन बघून रजा देनारा सायेब हाय त्यो. त्येच्याच भरवशावर बाळूला धाडतुया."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. दोन वर्षं माझा मुलगा ज्या गोष्टीचं ओझं घेऊन जगत होता, नोकरी सोडून आला, फोन उचलेनासा झाला, ती गोष्ट या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आणि त्याच गोष्टीवर विश्वास ठेवून त्याने दुसरा मुलगा तिथे पाठवला होता.

सुमेधला ते सांगणं भाग होतं. खाली बघत तो म्हणाला, "काका, मी नाही आता तिथं. मी सोडलं."

सखारामभाऊंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. रागावले नाहीत. बरं, म्हणाले. बाहेर गॅस सिलेंडरवाला ओरडत गेला. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग आता पोरांची रजा कोन बघतं तितं?"

"दुसरे साहेब आलेत."

"चांगलं हायेत का?"

"असतील," सुमेध म्हणाला.

सखारामभाऊ जेवून संध्याकाळच्या गाडीने गेले. राहा म्हटलं तर राहिले नाहीत, जनावरं होती घरी. जाताना सुमेधच्या पाठीवर हात ठेवून, तब्येतीला जपा सायेब, म्हणाले. सायेबच म्हणाले.

माणसं का थांबतात आणि का निघतात, याची उत्तरं लिफ्टमधल्या लोकांकडे असतात. माझ्याकडे नाहीत. सुमेध थांबला असता तर उद्या आणखी एखाद्या दत्ताला मागे राहतोस का विचारायची वेळ त्याच्यावर आली असती. तो निघाला, तर ते विचारणारा दुसरा कुणी आहे, आणि त्याला बाळूच्या घरचं काही ठाऊक नाही. यातलं कोणतं बरं, ते मी रात्रंदिवस तोलते आणि काट्यावर काहीच ठरत नाही.

स्वेटर नुसता आखूड होईना. बाळूचा बांधा वेगळा, म्हणून सगळाच उसवायला घेतला. उसवलेल्या लोकरीच्या लड्या करून ती धुतली, वाकडी झालेली सरळ व्हावी म्हणून वजन बांधून वाळत टाकली. आज सकाळी गुंडा बांधायला बसले. हे काम एकटीला जमत नाही. लहानपणी सुमेध माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून बसायचा, त्याच्या मनगटांवर लडी अडकवायची आणि मी गुंडा गुंडाळत जायची. हाक मारायच्या आधीच तो येऊन समोर बसला आणि हात पुढे केले.

पंखा बंद होता. दोघांच्याही कपाळावरून घाम गळत होता. मी विचारलं, बाही केवढी ठेवू? "लांब ठेव," तो म्हणाला, "हातमोज्याच्या आत गेली पाहिजे. आणि पार्सलला उशीर करू नको." मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं, पांढऱ्या आभाळाकडे, आणि मी त्या पोराचा विचार करत गुंडाळत राहिले, ज्याला मी पाहिलेलंही नाही. टेबलावर फोन थरथरला. पलटणीतल्याच कुणाचा तरी असेल. सुमेधने तिकडे पाहिलं, पण हात लोकरीत होते.

फोन वाजून थांबला. शेवटचा धागा माझ्याकडे आला, गुंडा पूर्ण झाला. त्याचे दोन्ही हात तसेच पुढे धरलेले होते, मनगटांवर काही नसताना.

"झालं रे," मी म्हणाले. "हात खाली घे."